मूस जॉ, सस्कॅचवान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मुलीला मूस जॉला नोकरी लागलीय", "कॉलेज तिथलं मिळालंय, गाव कसं आहे?" अशी सुरुवात करून लोक मला जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझे इथे नऊ हिवाळे झाले. व्हिसा आणि कागदपत्रांचे नियम सारखे बदलतात, म्हणून ते यात घेतलेले नाहीत. ही माहिती शहराची, तिथल्या हवेची आणि माणसांची आहे.

१. मूस जॉ नेमकं कुठे आहे? शहर म्हणावं इतकं मोठं तरी आहे का?

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताच्या दक्षिण भागात. प्रांताची राजधानी रिजायना इथून पूर्वेला साधारण ७० किलोमीटरवर, आणि दोन्हींना जोडणारा रस्ता म्हणजे ट्रान्स-कॅनडा हायवे. विमानाने येणाऱ्याने रिजायनालाच उतरायचं.

२०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३३,६६५ होती. आपल्याकडे तालुक्याचं गाव याहून मोठं असतं, हे खरं. पण सस्कॅचवानमध्ये पाच हजार वस्ती असली की शहराचा दर्जा मागता येतो, आणि मूस जॉला तो १९०३ सालीच मिळाला. इस्पितळ, कोर्ट, तंत्रशिक्षणाचं कॉलेज, ट्रॅक्टरचे सुटे भाग, सगळ्यासाठी आजूबाजूचे शेतकरी लांबून इथे येतात. शहराचं वजन लोकसंख्येपेक्षा या येण्याजाण्यावरून जास्त कळतं.

२. "मूसचा जबडा" असं नाव कुणी ठेवलं?

तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, इथल्या नदीचं वळण नकाशावर मूसच्या जबड्यासारखं दिसतं. दुसरी, कुणा प्रवाशाने गाडीचं मोडलेलं चाक मूसच्या जबड्याच्या हाडाने दुरुस्त केलं. तिसरी, प्लेन्स क्री या मूलनिवासी भाषेत या जागेला "नदीकाठची उबदार जागा" अशा अर्थाचं नाव होतं आणि त्याच्या उच्चारावरून इंग्रजी कानांनी "मूस जॉ" ऐकलं.

मला तिसरी पटते. जानेवारीत वर माळावर उभं राहा आणि मग नदीच्या खोलगट भागात, वाकामाव व्हॅलीत उतरा. वारा एकदम पडतो. तंबू ठोकून हिवाळा काढणाऱ्याला या जागेबद्दल सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटलं असणार.

मूस हा हरणाच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. त्याच्या पुतळ्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. प्रेअरी म्हणजे नुसतं सपाट माळरानच ना?

पहिल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं. प्रेअरी म्हणजे मुळात गवताळ प्रदेश. झाडं फक्त नदीनाल्यांच्या काठाने, बाकी क्षितिजापर्यंत गवत. आज त्या गवताचा बहुतेक भाग नांगराखाली गेला आहे. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून इथे प्रचंड सरोवरं साचली होती. रिजायनाकडचा अगदी सपाट भाग हा तशाच एका सरोवराचा तळ. मूस जॉच्या नैर्ऋत्येला मात्र जमीन उंचसखल होते.

सरोवराच्या तळाच्या त्या चिकणमातीला इथे "गंबो" म्हणतात. आपल्याकडच्या काळ्या रानाची ज्याला सवय आहे त्याला ती लगेच ओळखू येईल. वाळली की हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा, आणि एक सर पडली की चार पावलांत बुटाला वीतभर लादा. मे महिन्यात एका शेताच्या कडेला गाडीतून उतरलो तेव्हा उजवा बूट मातीतच राहिला. त्या दिवशी मला सोलापूरकडच्या मामाच्या शेतात उभं असल्यासारखं वाटलं.

४. शहर वसण्याआधी इथे कोण राहत होतं?

क्री, नाकोडा, सोल्टो आणि मेटी या मूलनिवासी लोकांची ये-जा आणि मुक्काम होता. त्यांचं सगळं जगणं बायसनवर, म्हणजे रानगव्यासारख्या त्या जनावरावर चालायचं. मांस, कातडं, तंबू, हत्यारं सगळं त्याचंच. शहराच्या उत्तरेला बफेलो पाउंड नावाचं सरोवर आहे. "पाउंड" म्हणजे कोंडवाडा. दरीचा उतार वापरून कळप हाकत आणून कुंपणात कोंडत, त्याची आठवण या नावात राहिली. १८८० च्या सुमारास कळप जवळजवळ संपले आणि त्यांच्यामागून उपासमार आली.

१८७४ मध्ये फोर्ट कपेल इथे सरकार आणि मूलनिवासी यांच्यात चौथा करार झाला. मूस जॉ त्याच कराराच्या भूमीवर आहे. म्हणून इथले सार्वजनिक कार्यक्रम सुरू होताना त्या कराराचा उल्लेख होतो. नवीन आलेल्यांना तो उपचार वाटतो. मला वाटतं, रेल्वे यायच्या फक्त आठ वर्षं आधी हा करार झाला हे लक्षात ठेवून तो ऐकावा.

लाकोटा लोकांची कथा वेगळी आहे. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला अमेरिकी सैन्याचा पराभव केल्यावर ते सीमा ओलांडून इकडे आले. त्यांचा नेता सिटिंग बुल १८७७ मध्ये वुड माउंटन परिसरात आला आणि १८८१ मध्ये परत जाऊन शरण गेला. काही कुटुंबं मात्र मागे राहिली. मूस जॉच्या नदीकाठी त्यांचे तंबू बरीच वर्षं होते, गावात ते मजुरीची कामं करत. त्यांच्याशी कधी करार झाला नाही आणि सरकार त्यांना अमेरिकेतून आलेले निर्वासित मानत राहिलं. त्याबद्दल कॅनडाच्या केंद्र सरकारने डकोटा आणि लाकोटा समाजांची माफी मागितली ती २०२४ च्या जुलैमध्ये.

५. मग इथे शहर उभं राहिलं कशामुळे?

रेल्वेमुळे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ १८८२ मध्ये इथवर आले. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी, कोळसा आणि नवे कर्मचारी लागत. इथे नदीचं पाणी होतं, म्हणून कंपनीने हे विभागीय ठाणं केलं. १८९३ मध्ये सू लाइन ही रेल्वे अमेरिकेच्या हद्दीतून येऊन इथे जोडली गेली आणि शिकागोच्या बाजूचा रस्ता उघडला. त्या जोडणीचा पुढे एका दंतकथेला फार उपयोग झाला (प्रश्न ६).

मेन स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला आजही १९२० च्या दशकातलं भव्य स्टेशन दिसतं. १९९० पासून प्रवासी गाडी इथे थांबत नाही आणि त्या इमारतीत पुढे दारूचं दुकान झालं. मालगाड्या मात्र रात्रंदिवस जातात. मैलभर लांबीची गाडी फाटकावर जाऊ द्यावी लागते, त्यामुळे वेळेवर पोचायचं असेल तर दहा मिनिटं आधी निघायची सवय लावून घ्या.

६. शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन इथे लपून राहायचा, खाली भुयारं आहेत, हे खरं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काय खरं आहे ते आधी. सस्कॅचवानमध्ये १९१५ मध्ये दारूचे बार बंद झाले आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बंदी टिकली. अमेरिकेत १९२० ते १९३३ बंदी होती. या मधल्या काळात इकडून सीमेपलीकडे दारू जायची. मूस जॉच्या रिव्हर स्ट्रीटवर हॉटेलं, जुगार आणि वेश्याव्यवसाय बऱ्यापैकी उघड चालत. "लिटल शिकागो" हे टोपणनाव त्यातूनच आलं. शहराच्या मध्यभागी इमारतींची तळघरं एकमेकांना जोडलेली होती, वाफेचे पाइप नेण्यासाठीच्या वाटा होत्या, हेही खरं.

काय खरं नाही: कपोन इथे आल्याचा एकही कागदोपत्री पुरावा नाही. सू लाइनने शिकागो जोडलेलं होतं, दारू होती, तळघरं होती. एवढ्यावरून लोकांनी गोष्ट पुरी केली. आज तिकीट काढून तळघरांची जी फेरी होते त्यात नट-नट्या ती गोष्ट रंगवून सांगतात. फेरी छान असते, मुलांना आवडते. मीही पाहुण्यांना नेतो. फक्त बाहेर आल्यावर त्यांना पुढचा प्रश्न वाचायला देतो.

७. भुयारांत चिनी मजूर राहायचे म्हणतात. त्यांच्याबद्दल खरी माहिती काय?

भुयारातल्या वस्तीचा भक्कम पुरावा नाही. पण चिनी माणसांचा इथला छळ हा दंतकथेवर अवलंबून नाही, तो कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे.

रेल्वेचं काम संपत आलं तसा १८८५ पासून कॅनडात येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलरचा डोईकर बसला. १९०० मध्ये तो १०० झाला, १९०३ मध्ये ५००. १९२३ ते १९४७ या काळात तर चिनी लोकांना कॅनडात यायला जवळजवळ पूर्ण बंदी होती. बायकामुलं तिकडे, माणूस इकडे, अशी आयुष्यं गेली.

सस्कॅचवानने १९१२ मध्ये आणखी एक कायदा केला: चिनी मालकाने आपल्या उपाहारगृहात किंवा धोबीखान्यात गोऱ्या बाईला नोकरीवर ठेवायचं नाही. याखाली शिक्षा झालेल्यांत मूस जॉचा क्वाँग विंग होता. त्याचं इथे उपाहारगृह होतं, त्याने रीतसर नागरिकत्व घेतलेलं होतं, आणि दोन गोऱ्या बाया त्याच्याकडे कामाला होत्या. एवढाच गुन्हा. तो गप्प बसला नाही, थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९१४ मध्ये तो हरला. पाच न्यायाधीशांपैकी फक्त एकाने, आयडिंग्टन यांनी, त्याच्या बाजूने मत दिलं. १९१९ मध्ये कायद्यातला "चिनी" हा शब्द काढला, पण परवाना द्यायचा की नाही हे नगरपालिकांच्या हाती ठेवून तो कायदा १९६९ पर्यंत जिवंत राहिला. डोईकराबद्दल पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००६ मध्ये.

याच शहरात जून १९२७ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेचा हजारोंचा मेळावा झाला होता. इथल्या फ्रेंच, कॅथलिक आणि पूर्व युरोपातून आलेल्या लोकांवर त्यांचा रोख होता. कपोनपेक्षा क्वाँग विंगचं नाव इथल्या पोरांना तोंडपाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

८. १९३० च्या धुळीच्या दिवसांबद्दल म्हातारी माणसं बोलतात. काय झालं होतं?

१८५७ ते १८६० मध्ये जॉन पॅलिसरच्या मोहिमेने हा प्रदेश पाहिला होता आणि दक्षिणेकडचा त्रिकोणी पट्टा शेतीला फार कोरडा आहे असं नोंदवलं होतं. मूस जॉ त्याच पट्ट्यात येतं. पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला, गव्हाला भाव आला, आणि तो इशारा मागे पडला. ओल टिकावी म्हणून एक वर्ष जमीन नांगरून उघडी ठेवायची पद्धत होती. १९३० च्या दशकात वर्षामागून वर्षं पाऊस हुकला तेव्हा ही उघडी, भुसभुशीत माती वाऱ्याने उचलली. दुपारी दिवे लावावे लागत, ताटं उपडी मांडून ठेवत. त्यात जागतिक मंदीने गव्हाचा भाव कोसळला. पेट्रोल परवडेना म्हणून मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपत आणि त्या गाडीला तेव्हाच्या पंतप्रधानांच्या नावाने "बेनेट बग्गी" म्हणत. १९३७ हे सगळ्यात वाईट साल.

१९३५ मध्ये सरकारने यासाठी खास यंत्रणा उभारली. शेततळी, बांधाने झाडांच्या रांगा, कोरड्या जमिनीवर पुन्हा गवत. आजही शेतांच्या कडेने करागाना नावाच्या काटक झुडपांच्या सरळ रांगा दिसतात. कुंपण वाटतं, पण ती वारा अडवायला लावलेली आहेत.

९. हिवाळा खरंच किती कडक असतो?

जानेवारीत रात्री उणे १७-१८ हे नेहमीचं. उणे ३० चे काही दिवस दरवर्षी येतात आणि अधूनमधून उणे ४० ही दिसतं. शेजारच्या रिजायनात १ जानेवारी १८८५ ला उणे ५० ची नोंद झाली होती. नोव्हेंबर ते मार्च बर्फ धरून चाला. एप्रिलमध्ये पडलं तरी कुणाला नवल वाटत नाही.

आकड्यापेक्षा वारा महत्त्वाचा. हवामान खात्याच्या अंदाजात "विंड चिल" नावाचा दुसरा आकडा असतो, तो बघायचा. तो उणे २८ ते ३९ असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली गेला की ५ ते १० मिनिटं पुरतात.

थंडी कशी कळते ते सांगतो. उणे २५ च्या आसपास पहिल्या श्वासाला नाकातले केस चिकटल्यासारखे होतात. उणे ३० ला बुटाखालचं बर्फ कोरड्या साबुदाण्यावर पाय दिल्यासारखं करकरतं. घरांच्या धुराड्यांतून वाफ सरळ वर जाते आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन तेजस्वी ठिपके दिसतात, त्यांना "सन डॉग" म्हणतात. हवेतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळतो म्हणून ते दिसतात. अशा दिवशी ऊन लख्ख असतं. मुंबईच्या पावसाळ्यातल्या कोंदट आठवड्यापेक्षा ते मनाला बरं वाटतं, हे मी पहिल्या वर्षी कुणी सांगून मानलं नसतं.

१०. एवढ्या थंडीत गाडी सुरू कशी होते? शाळा बंद असतात का?

गाडीच्या तोंडातून विजेची वायर लोंबताना दिसली तर घाबरू नका. ती ब्लॉक हीटरची. इंजिनातलं पाणी कोमट ठेवायला रात्री ती प्लगला लावायची. सोडताना काढायला विसरायचं नाही. मी पहिल्या हिवाळ्यात कंटाळा केला, उणे ३४ ला बॅटरी गेली आणि शेजारच्या आजोबांनी न सांगता येऊन जंपर केबल लावली. तेव्हापासून डिकीत मेणबत्ती, काडेपेटी, घोंगडी, फावडं आणि खायला काहीतरी असतं. हायवेवर अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका.

शाळा सहसा उघड्याच राहतात, स्कूल बस मात्र रद्द होतात. भारतातून कपडे आणायचे तर आतले लोकरीचे आणा. जाड जाकीट आणि बूट इथेच घ्या.

११. उन्हाळा असतो का?

असतो, आणि चांगला कडक. जुलैत दुपारी २५ च्या पुढे, मधूनच ३५. मूस जॉच्या आग्नेयेला यलो ग्रास नावाचं छोटं गाव आहे. तिथे आणि मिडेलमध्ये ५ जुलै १९३७ ला ४५ अंश नोंदले गेले. २०२१ पर्यंत तो संपूर्ण कॅनडाचा उच्चांक होता. म्हणजे एकाच टापूत जवळपास ९५ अंशांचा फरक.

जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळतो, डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. जुलैतली वादळं लांबून येताना दिसतात, काळा ढग, आत विजा, खाली पावसाचा पडदा. गारा पडल्या तर दहा मिनिटांत उभं पीक जातं. शेतकरी गारपिटीचा विमा वेगळा काढतात. हल्ली उत्तरेकडच्या जंगलातल्या वणव्यांचा धूरही काही दिवस इथे उतरतो. डास भरपूर.

१२. पाऊस कमी पडतो म्हणता, मग शहराला पाणी कुठून येतं?

वर्षाला सगळं मिळून, बर्फ धरून, ३५० ते ४०० मिलिमीटरच्या आसपास. माण-खटावची आठवण यावी इतकंच. शहराच्या नळाचं पाणी बफेलो पाउंड सरोवरातून येतं. त्याच पाण्यावर रिजायनाही जगते. या उथळ सरोवराला डीफेनबेकर जलाशयातून पाणी सोडलं जातं, आणि तो जलाशय १९६७ च्या गार्डिनर धरणाने झाला. त्यातलं पाणी मूळचं रॉकी पर्वतातल्या बर्फाचं.

अपवादही आहे: वसंतात बर्फ एकदम वितळलं की हीच शांत नदी पात्र सोडते. १९७४ चा पूर लोक अजून सांगतात. नदीजवळच्या सखल भागात घर घेताना हे विचारून घ्या.

१३. भारतात फोन करायला वेळेचं गणित काय?

भारत साडेअकरा तास पुढे, वर्षभर. मुंबईत दुपारचे बारा वाजतात तेव्हा इथे त्याच तारखेची मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. सस्कॅचवानमध्ये घड्याळ उन्हाळा-हिवाळ्यात मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे आईला एकच वेळ पाठ करून ठेवता येते. टोरोंटो मात्र हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे असतं. अपवाद अल्बर्टाच्या हद्दीवरच्या लॉइडमिन्स्टरचा, ते अल्बर्टाच्या घड्याळाने चालतं.

१४. डोक्यावरून सारखी विमानं जातात, ती कसली?

शहराच्या दक्षिणेला कॅनडाच्या हवाई दलाचा तळ आहे, १५ विंग. दुसऱ्या महायुद्धात इथे वैमानिक घडवले गेले आणि ते काम आजही चालू आहे. मोकळं आकाश आणि सपाट जमीन, शिकाऊ वैमानिकाला याहून काय हवं? नऊ विमानांच्या कसरतींसाठी प्रसिद्ध असलेलं स्नोबर्ड्स पथक इथलंच, १९७१ पासून. आपलं सूर्यकिरण पथक ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल.

या आकाशाला एक जखमही आहे. ८ एप्रिल १९५४ ला एक प्रवासी विमान आणि हवाई दलाचं हार्वर्ड प्रशिक्षण विमान शहरावरच एकमेकांवर आदळली. ३७ जणांचा जीव गेला. त्यातली एक बाई विमानात नव्हतीच, अवशेष पडले त्या घरात काम करत होती.

१५. तो मूसचा पुतळा जगातला सगळ्यात उंच आहे ना?

आता आहे. मॅक द मूस १९८४ मध्ये शिल्पकार डॉन फोल्ड्स यांनी केला, पोलादी सांगाडा आणि वर सिमेंट. २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्टोर-एल्व्हडाल गावात चकचकीत पोलादाचा मूस उभा राहिला, तो ३० सेंटिमीटरने उंच भरला. २०१९ मध्ये हे इथे लोकांच्या लक्षात आलं, दोन्ही गावांत गोड तंटा झाला, तिथल्या उपमहापौर स्वतः येऊन गेल्या, आणि त्याच वर्षी मॅकला नवी, मोठी शिंगं बसली.

जिवंत मूस शेतांतून फिरतात. पूर्वी ते उत्तरेच्या जंगलातच असत, गेल्या काही दशकांत इकडे उतरले. संध्याकाळी गाडी हळू चालवा. त्यांचे पाय इतके उंच की धडक बसली तर धड थेट काचेवर येतं.

१६. लोक कसे आहेत? करमणूक काय?

हिवाळ्यात बर्फावरची हॉकी. वॉरियर्स संघ १९८४ मध्ये विनिपेगहून इथे आला आणि २०२४ मध्ये पहिल्यांदा पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगचा चषक जिंकला. मूलनिवासींच्या शिरोभूषणाचं जुनं बोधचिन्ह त्यांनी २०२२ मध्ये बदललं. उन्हाळ्यात, जुलैमध्ये, साहित्याचा महोत्सव भरतो, १९९७ पासून. गावात ठिकठिकाणी भिंतींवर इतिहासाची मोठी चित्रं आहेत, ती पाहत पायी फिरा.

शरद ऋतूत चर्चच्या किंवा गावच्या हॉलमध्ये "फाउल सपर" असतं. टर्की, बटाटे, युक्रेनी पेरोगी (सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या), घरोघरच्या बायकांनी केलेले "पाय" (फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ). पंगतीला बसल्यासारखंच वाटतं, आग्रहही तसाच. शाकाहारी माणूस पेरोगी आणि सस्काटून नावाच्या जांभळ्या बोरांच्या पायवर तृप्त होतो. टोपीच्या स्वेटशर्टला इथे "बनीहग" म्हणतात, हा शब्द फक्त याच प्रांताचा.

१७. आपल्याकडची मसूर खरंच इथून येते?

बरीचशी, हो. मसुराची सगळ्यात मोठी निर्यात कॅनडा करतो आणि त्यातला फार मोठा वाटा सस्कॅचवानचा. गेल्या पन्नास वर्षांतली ही गोष्ट आहे. सस्काटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी इथल्या हवेला मानवणारं वाण तयार केलं, "लेअर्ड", १९७८ साली. मसूर मुळाशी नत्र धरते, कमी पाण्यात येते आणि पक्व व्हायला कोरडा ऑगस्ट लागतो, तो इथे मिळतो. जी जमीन पूर्वी वर्षभर उघडी ठेवत (प्रश्न ८), तिथे आता डाळी आल्या.

ऑगस्टअखेर मूस जॉबाहेर गुडघ्याएवढं, मळकट तपकिरी पीक दिसतं. पहिल्यांदा एक शेंग चोळून हातात घेतली, आत दोनच चपटे दाणे. घरच्या डब्यातले, आमटीतले, तेच. भारताने २०१७ च्या अखेरीस वाटाणा आणि मसुरावर आयात शुल्क लावलं तेव्हा इथल्या कॉफीच्या टेबलांवर दिल्लीचीच चर्चा होती. नाशिकचा शेतकरी कांद्याच्या निर्यातबंदीवर बोलतो, अगदी तसं.

१८. भारतीय वाणसामान मिळतं का?

पीठ, तांदूळ, डाळी, मसाले गावातच मिळतात. मोठी खरेदी लोक रिजायनाला करतात. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र घरून आणा.

१९. इथे गरम पाण्याचे झरे आहेत का?

नैसर्गिक झरे नाहीत. १९१० च्या सुमारास तेल-वायू शोधायला खणलेल्या विहिरीतून कोमट खारं पाणी लागलं आणि पुढे क्रेसेंट पार्कमधल्या तलावात ते वापरलं गेलं. आजच्या स्पाचं पाणी सुमारे १,३५० मीटर खोलीवरून येतं. तिथला एक तलाव गच्चीवर, उघड्या आकाशाखाली आहे. उणे २५ ला त्यात बसलं की केसांवर बर्फ धरतं आणि अंग गरम पाण्यात असतं.

२०. एकच दिवस हाती असेल तर काय पाहावं?

सकाळी मेन स्ट्रीट आणि भिंतीवरची चित्रं, दुपारी वाकामाव व्हॅली. मग दोन नंबरच्या हायवेने दक्षिणेला १३ किलोमीटर जा. तिथे सुकानेन संग्रहालयात, समुद्र हजार किलोमीटरच्या आत कुठेही नसताना, माळावर एक जहाज उभं आहे.

टॉम सुकानेन हा फिनलंडहून आलेला शेतकरी. दुष्काळाच्या त्याच दशकात, शेजाऱ्यांची पिकं धुळीत जात असताना, तो एकटा जहाज बांधत होता. साउथ सस्कॅचवान नदीतून हडसनच्या उपसागरात उतरायचं आणि तिथून घरी फिनलंडला जायचं, हा त्याचा बेत. जहाज नदीपर्यंत पोचलंच नाही. त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९४३ मध्ये तिथेच तो गेला. पुढे लोकांनी जहाज इथे आणलं, डागडुजी करून उभं केलं. त्याची कबरही आता जहाजाच्या शेजारीच आहे. संध्याकाळी चारच्या पुढे गेलात तर ऊन कलतं आणि जहाजाची सावली गवतावर लांबवर पडते. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं, तेव्हा मे ते सप्टेंबरमध्येच जा.